बावन्न ओले गणपती

समीक्षाला कंपनीने तीन वर्षांत काय दिलं म्हणाल, तर एक लॅपटॉप, एक कानाला लावायचा हेडफोन, एक इन्व्हर्टर आणि एक वाक्य. वाक्य असं, की कॉल आपण कट करायचा नाही. गिऱ्हाईक रडू दे, शिव्या देऊ दे, फोन ओट्यावर ठेवून भात टाकायला जाऊ दे, लाईन तोडायचा हक्क त्याचा. आपण तोडली की नोकरी गेली. हमरापूरच्या एका पोराने म्हणे शिंक आली म्हणून चुकून बटण दाबलं, तर दुसऱ्या दिवशी कंपनीची गाडी आली आणि लॅपटॉप, इन्व्हर्टर, खुर्ची सगळं उचलून घेऊन गेली. खुर्ची उचलली तेव्हा पोरगा तिच्यावर बसलेला होता. पेणच्या नाक्यावर उतरवला त्याला.

कंपनी म्हणजे लहानसहान नव्हे. निम्म्या जगाच्या खिशात तिचे फोन. त्या फोनांचं काही बिनसलं की मराठी माणसाने एक नंबर लावायचा आणि त्या नंबराच्या दुसऱ्या टोकाला पेणजवळच्या जोह्यात, बाबाजीकाकाच्या गणपतीच्या कारखान्यात, मागच्या खोलीत समीक्षा बसलेली असायची. तिच्या स्वतःच्या घरात रेंज नाही. काकाच्या कारखान्यात इंटरनेटची वायर आणि वायफाय आलेलं, म्हणून ती तिथे. सकाळी साडेपाचला बसायचं, दुपारी दीडला उठायचं. मध्ये दोनदा उठायची परवानगी, आणि तेव्हासुद्धा कशाला उठलीस ते पडद्यावर टाकायचं. मोरीत जायचं तरी टाकायचं. बसून बसून तिचे पाय असे झाले होते की उठल्यावर ते आपलेच का, हे एकदा वाकून बघावं लागायचं.

तर ती आज सुटणार होती.

रोह्याला एका औषधांच्या कारखान्यात लॅबमध्ये जागा निघालेली. समीक्षाची केमिस्ट्रीची बीएस्सी तीन वर्षं कपाटात पडून होती. मुलाखतीला दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा हिला रजा मिळाली नाही, दोन्ही वेळा हिने हात जोडून तारीख बदलून घेतली. तिसऱ्यांदा तिथल्या बाईने स्पष्ट सांगितलं, "आज चार वाजता. नाही आलात तर पुढचं नाव घेतो." म्हणून समीक्षा पहाटेच नवा क्रीम रंगाचा ड्रेस घालून बसली होती. दीडला उठायचं, धाकटा भाऊ रघू मोटरसायकल घेऊन दारात येणार, जोहे ते पेण, पेणवरून वडखळ, नागोठणं, रोहा. चारच्या आत पोचायला हरकत नव्हती.

हरकत काकाने घातली. मुद्दाम नव्हे.

आषाढाचे दिवस. हवेत एवढा ओलावा की वाळत टाकलेला टॉवेल दोरीवरून काढताना जास्त ओला लागायचा. पुढच्या शेडमध्ये बावन्न मूर्ती रंगवून तयार आणि रंग काही सुकेना. पाच वाजता टेम्पो येणार. आणि साडेअकराला गावची लाईट गेली. अख्ख्या जोह्यात पंखा फिरत होता तो एकट्या समीक्षाच्या खोलीत, कंपनीच्या इन्व्हर्टरवर.

बाबाजीकाका दारात येऊन पंख्याकडे बघत उभा राहिला. समीक्षा कॉलवर. तिने ओळखलं हा काय करणार ते. बोलता येत नव्हतं, म्हणून तिने उजवा हात वर केला, तळवा पुढे केला. म्हणजे थांबा.

आता चाळीस वर्षं ज्याने हात वर केलेले, तळवा पुढे धरलेले गणपती घडवले, त्याला वर केलेला हात म्हणजे काय वाटणार? आशीर्वाद.

"पोरगी हो बोलली रं," काका मागे वळून म्हणाला. "आणा आत."

आणि मूर्ती यायला लागल्या. पाटावर ठेवून कारागीर दोघे दोघे उचलून आणायचे. पहिली रांग भिंतीकडे. दुसरी तिच्यापुढे. समीक्षा एका माणसाला पासवर्ड बदलायला शिकवत होती, मग एका बाईला फोटो शोधून देत होती, आणि मध्ये मध्ये हात वर करत होती. जितक्या वेळा हात वर केला तितक्या मूर्ती वाढल्या.

एक वाजून बावीस मिनिटांनी दिवसातला शेवटचा कॉल आला.

"नमस्कार, मी समीक्षा, आपली काय मदत करू शकते मॅडम?"

"मॅडम कोनाला बोलतंस? मी चंद्रावती."

"बोला चंद्रावती मॅडम."

"माजा फोन बोलतो गो."

समीक्षाच्या डोळ्यांसमोर पडद्यावर यादी होती. फोन बोलतो म्हणजे कोणीतरी आंधळ्या माणसांसाठी असलेली सोय चुकून चालू केली. बोट लागेल तिथलं फोन वाचून दाखवतो आणि एकदा टोचलं तर काही उघडत नाही. रोज असले चार कॉल. उपाय दोन मिनिटांचा.

"आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत मॅडम. फोनच्या बाजूला आवाज कमी-जास्त करायची दोन बटणं आहेत, ती दोन्ही एकदम तीन सेकंद दाबून धरा."

"दाबली."

"बोलायचा बंद झाला?"

"नाय."

"परत दाबा."

"दाबली. नाय झाला."

दीड वाजला. एक पस्तीस. एक चाळीस. चंद्रावती दाबत होती आणि होत नव्हतं. समीक्षाने दुसरी वाट सांगितली, तिसरी सांगितली. मधूनच फोनमधली बाई आपल्या गोड आवाजात "बॅटरी एकसष्ट टक्के" असं काहीबाही बोलून जायची. पडद्यावर कोपऱ्यात रितेशचा, म्हणजे तिच्या वरच्या साहेबाचा मेसेज आला: "अठरा मिनिटं झाली. काय चाललंय?" लगेच दुसरा: "कट करू नकोस हां."

"मॅडम," समीक्षा शेवटी म्हणाली, "आपण फोन ठेवून नंतर परत लावता का?"

"ठेवता येत नाय ना. ते लाल बटन दाबते तर ही बाय 'कॉल समाप्त करा' असं नुसतं बोलते, करत काय नाय. नातीनं लावून दिला फोन नि एसटी पकडाय पळाली. आता ती संध्याकाळला येल."

म्हणजे हिला कट करता येत नाही आणि आपल्याला कट करायचा नाही. समीक्षाने खुर्ची मागे सरकवायला पाय टेकला आणि तेवढ्यात मूर्तींच्या पलीकडून काका ओरडला, "हलू नको समे."

तिने मान वळवली. दार दिसेना. दार होतं तिथे बाबाजीकाकाचं फक्त डोकं, लांब, आणि तिच्या खुर्चीपासून त्या डोक्यापर्यंत बावन्न गणपती, तीन तीन फुटी, खांद्याला खांदा लावून. प्रत्येकाला चार हात. कोणाचा मोदक कोणाच्या कानाला टेकलेला. पीतांबर ओले, सोंडा ओल्या, मुकुट ओले. दोन रांगांमध्ये जेमतेम पाऊल मावेल एवढी फट. मागे भिंत, डावीकडे खिडकी आणि खिडकीला गज.

तिने बोलायचं बटण बंद केलं, म्हणजे गिऱ्हाइकाला इकडचं ऐकू जाऊ नये. तेव्हा तिला तसं वाटलं.

"काका, मला रोह्याला जायचंय."

"तूच तर आना बोललीस."

"मी थांबा म्हणत होते."

"हात तर असा केलास." काकाने हात करून दाखवला. आणि खरंच, काय फरक होता?

"चार मूर्ती बाजूला घ्या ना."

"ओला रंग हाय, नि पाट धराय जागा ऱ्हायली नाय. हात लावला की बोट उठतंय. हे तुरीचं खोड नाय उपटून फेकायला. दोन तास कळ काढ, सुकल्यावर काढतो तुला."

"दोन तासांनी माझं नाव खोडतील."

बाबाजीकाकाने घड्याळाकडे बघितलं. वाईट माणूस नव्हता तो. पण पाच वाजता टेम्पो येणार होता आणि ते बावन्न गणपती म्हणजे त्याचं अख्खं वर्ष होतं. "मी तरी काय करू गो," म्हणाला आणि डोकं खाली घातलं. बाहेर रघूच्या मोटरसायकलचा हॉर्न वाजला. एकदा. मग दोनदा.

समीक्षा खुर्चीत बसून राहिली. समोर पडदा, कानात लाईन, भोवती देव. तिला वाटलं, आपल्यालाही आता कोणीतरी येऊन पिवळा पीतांबर रंगवून जाईल आणि पाच वाजता टेम्पोत घालतील. त्रेपन्नावी. कुठल्यातरी मंडळात दहा दिवस बसू, तिथेही उठायची परवानगी नसेल.

"पोरी," कानात आवाज आला, "तुला कोनी कोंडलंय का?"

समीक्षाने पडद्याकडे बघितलं. बोलायचं बटण बंद झालंच नव्हतं.

"नाही मॅडम. माफ करा. आपण परत एकदा दोन्ही बटणं..."

"ते ऱ्हाऊ दे. कोन ओरडतंय? कसला रंग ओला हाय?"

कॉलवर स्वतःचं काही बोलायचं नाही, हाही कंपनीचा नियम. सगळं रेकॉर्ड होतं. पण दोनला दहा कमी होते आणि विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. समीक्षाने सांगितलं. रोहा, चार वाजता, काका, पंखा, हात. सगळं.

चंद्रावती जरा वेळ हसली. मग म्हणाली, "फट केवडी हाय?"

"पाऊलभर."

"मग रड कशाला? मी मिठागरात चाळीस वर्षं काढली. दोन्ही बाजूला पानी नि मदी बांध, तोही वितभर. डोक्यावर मिठाची पाटी. एकदा तर उधानाचं पानी आलं, बांध खाऊन खाऊन दोरीएवडा राह्यला. डोक्यावर पाटी, कडेवर पोर, पदराला दुसरं पोर. आले मी चालत. कडेवरचं जागं पन नाय झालं. पाऊलभर म्हंजे तुज्यासाटी हमरस्ता हाय. ऊठ."

समीक्षा उठली.

"आता डोक्यावर काय हाय?"

"काही नाही."

"मग पडशील. रिकाम्या डोक्याची बाय वाकडीतिकडी चालते. वजन असलं की अंग सरळ रहातं. काय हाय तिथं जड?"

समीक्षाने आजूबाजूला बघितलं. जड म्हणावं असं एकच होतं. आणि नाहीतरी हेडफोनची वायर त्यालाच जोडलेली होती, तो सोडून गेली असती तर कॉल तुटला असता.

तिने ओढणी काढली, पिळून गोल चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, आणि चुंबळीवर लॅपटॉप, उघडाच, पडदा वर करून. झाकला तर झोपतो ना तो. दारातून काकाने ते बघितलं आणि हातातला कुंचला तोंडात धरला.

"ठेवलं?" चंद्रावती.

"ठेवलं."

"आता आडवी हो. पाऊल सरळ नाय टाकायचं, चिंबोरी चालते तसं टाकायचं. आदी अंगठा, मग टाच. झालं?"

"झालं."

"खाली नाय बघायचं. खाली बघितलं की पानी दिसतं. जिथं जायचंय तिथं बघ. काय दिसतंय?"

"काका."

"त्याच्याकडं बघ. आता दुसरं पाऊल. श्वास सोड, मग उचल. झालं?"

"झालं."

"मग पुडचं."

पहिली रांग गेली. दुसऱ्या रांगेत एका गणपतीचं कोपर जरा जास्तच बाहेर आलेलं. समीक्षाने पोट आत घेतलं. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं ते कामी आलं. डोक्यावर लॅपटॉपने टुंग केलं, रितेशचा मेसेज. आणखी एकदा टुंग. तिथे वर काय लिहिलं होतं ते तिला दिसत नव्हतं, मूर्तींना दिसत असेल. सतराव्या मूर्तीपाशी वायर एका मुकुटावरून केसभर अंतराने गेली. तेविसाव्यापाशी पायात गोळा आला.

"मॅडम, गोळा आला."

"आला तर आला. उबी रहा. मिठागरात मदी गोला आला तर कोन उचलून न्यायचा? अंगठा वर वड. दहा मोज. मी पन मोजते."

दोघी दहा मोजत होत्या. कंपनीच्या रेकॉर्डिंगमध्ये ते अजून असेल. दोन बायका, एक ते दहा, आणि मागे कोणीतरी दबक्या आवाजात मंगलमूर्ती मंगलमूर्ती म्हणतंय. तो काका.

पस्तीस. चाळीस. एक्कावन्न. बावन्नाव्याच्या पुढ्यातल्या उंदरावरून समीक्षाने पाय उचलला आणि उंबऱ्याबाहेर ठेवला. ड्रेसवर ठिपका नाही. मूर्तीवर रेघ नाही. काकाने पुढे होऊन आधी मूर्ती बघितल्या, मग पुतणीकडे बघितलं.

"आले मी बाहेर," समीक्षा म्हणाली.

"येनारच व्हतीस."

रघू हॉर्न वाजवत होता. अडीच वाजत आले होते. आणि कॉल चालूच होता. लॅपटॉप डोक्यावरून उतरवून तिने ओटीवरच्या पत्र्याच्या पिंपावर ठेवला. लाल बटण समोर. एकदा दाबलं की झालं. पण पलीकडे ही बाई संध्याकाळपर्यंत बोलणाऱ्या फोनला घेऊन बसणार.

"मॅडम, आता तुमचं करू. खरं सांगा, दोन्ही बटणं एकदम दाबता ना?"

पलीकडे फक्त बांगड्या वाजल्या.

"काकी?"

"नाय दाबली."

"एकदाही?"

"एकदा पन नाय. तू एवडी गोड बोलत व्हतीस, तुला नाय कसं बोलू? पन बंद करायची नाय मना ती बाय. मना वाचता येत नाय गो. चार दिवस झाले, ती सगलं वाचून दावते. कोनाचा फोन आला, गॅस कवा येनार, सुनंनं माज्या नावानं बहिनीला काय लिवलंय, सगलं. सून दोनदा बंद करून बसली. नातीनं परत चालू केलान. मना फक्त इचारायचं व्हतं का बोट लावल्यावर उगडायचं कसं. तर तू लगेच दिलगीर झालीस."

समीक्षा पिंपाला टेकली. एक तास आठ मिनिटं. रोज चार असे कॉल, तीन वर्षं. सगळ्यांचं तिने बंद करून टाकलं होतं. विचारलं एकालाही नव्हतं.

"काकी, ऐका. एकदा बोट लावलं की ती वाचते. बरोबर वाचलं असं वाटलं की तिथेच पटापट दोनदा टोचायचं. टक टक. मग उघडतं."

"दोनदा?"

"दोनदा. आणि वर-खाली करायचं तर दोन बोटांनी सरकवायचं."

"एवडंच?"

"एवढंच."

"मग हे तासाभरापूर्वी सांगायला काय झालं व्हतं?"

"आता ते लाल बटण शोधा. बोट लावा."

लांबून फोनमधल्या बाईचा आवाज आला, "कॉल समाप्त करा."

"करू?" चंद्रावती म्हणाली. "रोह्याला पोच गो. नि तितं बसू नको, आदी पानी पी."

टक टक. लाईन गेली.

गिऱ्हाइकाने तोडली होती, गिऱ्हाइकाने. समीक्षाने हेडफोन कानावरून काढायला हात वर नेला, आणि कानात बीप झाली. दीडला तिने लॉग आउट केलेलं नव्हतं, म्हणून यंत्राच्या हिशोबाने ती अजून कामावर होती. पुढचा कॉल आपोआप उचलला गेला.

"हॅलो? हॅलो, कोण बोलतंय? माझे सगळे नंबर उडालेत हो." कोणीतरी पुरुष, अकोल्याकडचा वाटत होता, घाईत.

समीक्षाचं तोंड सवयीने उघडलंसुद्धा. "नमस्कार, मी..."

बाबाजीकाका शेजारी उभा होता, बावन्न मूर्ती वाचल्या म्हणून कौतुकाने बघत. तिने हेडफोन काढला आणि त्याच्या डोक्यावर चढवला. दोन्ही कान नीट झाकले.

"काय करतंस गो?"

"बोला त्यांच्याशी. फक्त कट करायचा नाही."

"मी काय बोलू?"

"विचारा त्यांना, काय पाहिजे."

काकाचे दोन्ही हात रंगाचे, हेडफोनला हात लावायची सोय नाही. तो तसाच उभा राहिला. समीक्षा रघूच्या मागे बसली तेव्हा तिला ऐकू आलं, "व्हय, बोलतोय. नाय, साहेब नाय, मूर्तिकार. तुमी सांगा ना, ऐकतोय मी."

वडखळला डोलवीच्या पोलाद कारखान्याच्या ट्रकांची रांग होती. रघूने मोटरसायकल त्यांच्या मधून अशी काढली की समीक्षा आपसूक आडवी होऊन श्वास सोडत होती. नागोठण्याला पाऊस, पुढे कोरडं. चार वाजून आठ मिनिटांनी ती कारखान्याच्या फाटकाशी उतरली, पाणी प्यायली आणि आत गेली. फाटकावरच्या माणसाने मोबाईल काढून घेतला, कप्प्यात ठेवला, बिल्ला दिला. तोपर्यंत त्यावर रितेशचे एकतीस मेसेज आलेले होते. तिने एकही उघडला नाही.

आतले साहेब पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. आठ मिनिटं उशीर झाला होता, पण पुढचं नाव अजून घेतलेलं नव्हतं. त्यांनी कागद चाळले.

"तीन वर्षं फोनवर मदतीचं काम. मोठी कंपनी आहे. का सोडलंत?"

"अजून सोडलं नाही सर," समीक्षा म्हणाली. "कॉल चालू आहे."

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. मग तिला सांगावं लागलं. थोडक्यात सांगणार होती, पण उंदरापर्यंत येता येता वीस मिनिटं गेली. शेजारच्या खोलीतल्या दोन मुली दारात येऊन उभ्या राहिल्या. मग साहेबांनी तिला आम्ल आणि अल्कलीच्या चार गोष्टी विचारल्या, तीन आल्या, एक नाही आली.

"नाही येत ते शिकता येईल," साहेब म्हणाले. "पण आधी सांगतो, इथे खुर्ची नाही. आठ तास उभं राहून काम. पाय दुखतील."

"दुखू देत," समीक्षा म्हणाली.

साहेबांनी फॉर्म पुढे सरकवला. तिने तो टेबलाशी उभ्या उभ्याच भरला.